शोधपत्रकारितेचा खर्च कोणी उचलावा, आणि मिंधेपणाचे काय?

जुना वाचक:
दोन वार्ताहरांनी एकाच प्रकरणामागे वर्षभर राबायचे, वकिलाकडून मजकुराची ओळ न् ओळ तपासून घ्यायची आणि एवढे करून हाती काहीच न लागण्याची तयारीही ठेवायची, हा खर्च आता जाहिरातींतून निघत नाही असे दिसते. तो देणगीदारांनी उचलला तर बातमीची सचोटी टिकते, की संपादक केवळ एकाऐवजी दुसऱ्याचा मिंधा होतो?

टाचण:
जाहिरातींचा काळ सोवळा होता, हे गृहीतकच मला मान्य नाही. १९७२ मध्ये लंडनच्या 'संडे टाइम्स'ने थॅलिडोमाइड या औषधामुळे व्यंग घेऊन जन्मलेल्या मुलांचा प्रश्न लावून धरला, तेव्हा ते औषध ब्रिटनमध्ये विकणारी डिस्टिलर्स ही कंपनी त्याच वृत्तपत्राची मोठी जाहिरातदार होती. तरीही संपादक हॅरल्ड इव्हान्स मागे हटले नाहीत. याउलट २०१५ मध्ये राजकीय स्तंभलेखक पीटर ओबोर्न यांनी 'डेली टेलिग्राफ' हे ब्रिटिश वृत्तपत्र सोडताना, एचएसबीसी बँकेच्या जाहिरातींपायी तिच्याविषयीच्या बातम्या दडपल्या जातात, असा जाहीर आरोप केला. वृत्तपत्राने तो फेटाळला. अशा वादाचा निकाल लावणे अवघडच, कारण छापलेली बातमी तपासता येते, न छापलेली तपासायची कशी?

उंबरठा:
देणगीचेही तसेच आहे. 'प्रोपब्लिका' ही देणग्यांवर चालणारी अमेरिकी शोधपत्रकारिता संस्था २००७ मध्ये उभी राहिली ती सँडलर दांपत्याच्या वर्षाला सुमारे १ कोटी डॉलरच्या आश्वासनावर, आणि त्यांची संपत्ती गृहकर्ज देणाऱ्या संस्थेतून आलेली होती. पुढे २००८ च्या आर्थिक संकटात त्या संस्थेच्या कर्जपद्धतीवरही टीका झाली. बातमी प्रसिद्ध होईपर्यंत देणगीदाराला तिची कुणकुण लागू द्यायची नाही, हा तिथला नियम उत्तमच आहे. पण कोणता विषय हाती घ्यावा हे ठरवताना संपादकाच्या मनात जी चलबिचल होते, तिच्यावर कोणताही नियम चालत नाही. मला स्वतःला पैसा कोणाचा यापेक्षा त्यात सर्वांत मोठ्या देणगीदाराचा वाटा किती, हे अधिक महत्त्वाचे वाटते. २०२५ च्या सुरुवातीला अमेरिकी सरकारने परदेशी मदत गोठवली, तेव्हा तिच्यावर विसंबलेल्या अनेक देशांतील लहान वृत्तसंस्थांना माणसे कमी करावी लागली. एकही बातमी कोणी बदलायला सांगितली नव्हती, तरी कामे थांबली.

जुना वाचक:
मग वर्गणीदारांवर चालणे हाच मार्ग उरतो का?

टाचण:
फ्रान्सचे 'मेदियापार' हे बातम्यांचे संकेतस्थळ २००८ पासून जाहिरातींशिवाय, वर्गणीवर चालते, आणि एकेक वर्गणीदार तुटला तरी संस्था कोसळत नाही. मात्र वर्गणीदारालाही लाडका पक्ष असतो (आपल्यालाही असतोच), आणि त्या पक्षाची भानगड बाहेर काढल्यावर नूतनीकरण करायचे की नाही, हे तोच ठरवतो.