कोटा फरशीवर पांढरे पट्टे पडलेत, जातच नाहीत

पंचवटीकर_७:
आमचं पंचवटीत जुनं घर आहे, खालच्या हॉलमध्ये वडिलांनी बसवलेली कोटा. गणपतीआधी रंगकाम काढलं, रंगवाल्यांनी फरशीभर शिंतोडे उडवले आणि ते निघेनात म्हणून कामवाल्या मावशींनी संडासचं ॲसिड ओतून घासलं. शिंतोडे गेले पण तिथे आता पांढुरके खरखरीत पट्टे दिसतात. सर्फ झालं, सोडा झाला, कुणीतरी सांगितलं म्हणून लिंबूपण चोळलं तर अजूनच वाढलं. ओलं असताना काही दिसत नाही, वाळलं की परत हजर. बायको म्हणते उखडून व्हिट्रिफाइड टाका, आई म्हणते फरशीला हात लावायचा नाही. काय करू?

दगडधोंडे:
लिंबू??? अहो दादा, तो डाग नाहीचे, फरशी भाजलीय. कोटा काय, शहाबादी काय, दोन्ही चुनखडीचे दगड, ॲसिड पडलं की वरचं पॉलिश खाऊन टाकतं, मग घासून येणार काय परत? माळ्यावर जुना तुकडा पडला असेल तर त्यावर ॲसिडचा थेंब टाकून बघा, कसा फसफसतो. आपल्याकडचा काळा दगड, काळाराम मंदिराचा वगैरे, तो बेसाल्ट, तो असा फसफसत नाही, म्हणून लोकांना वाटतं दगड म्हणजे दगड.
उपाय एकच, मशीन पॉलिश. आणि पट्ट्यापुरतं करू नका, तेवढाच भाग चमकतो आणि आणखी वाईट दिसतं, पूर्ण हॉल घ्या. उखडायची काहीच गरज नाही, आईंचं ऐका.

तर्रीबाज:
माझा किस्सा ऐका. रविवारची मिसळ पार्सल आणली, पिशवी फुटली आणि तर्री थेट शहाबादीवर. मी शहाण्यासारखा ओला सोडा थापला तर डाग कुंकवासारखा लाल!! घाबरलोच, मग कळलं की हळदीला सोडा लागला की ती लाल होतेच. शेवटी मैद्याची घट्ट पेस्ट थापून वर प्लास्टिक चिकटवलं, रात्रभर ठेवलं, असं तीनदा केल्यावर तेल वर आलं. पिवळेपणा राहिला होता, पण ती जागा खिडकीजवळ होती, उन्हानं आपोआप फिका होत गेला. नंतर सीलर मारून घेतला, तेव्हापासून टेन्शन कमी.

पंचवटीकर_७:
सीलर मारला तर ॲसिडपण चालेल का मग? मावशींचा भरवसा नाही म्हणून विचारतो

दगडधोंडे:
नाही हो. सीलरनं तेल-पाणी लगेच मुरत नाही, पुसायला वेळ मिळतो, एवढंच. ॲसिड खाणारच. तुमचा तळमजला आहे ना, मग दगडात मुरणारा सीलर घ्या, वार्निशसारखा वर थर बसणारा नको, खालून ओल येते आणि तो पोपडे धरून निघतो. आत्ता पावसाची ओल असेल, पॉलिश झाल्यावर चांगलं वाळू द्या आणि मगच मारा. पुढे कधी पाण्याचा थेंब टाकून बघायचं, थेंब तसाच राहिला तर ठीक, फरशी काळपट झाली की परत मारायची वेळ आली. रोज पुसायला साधं पाणी बास, फार तर चमचाभर सौम्य साबण, ते लिंबूवाले फ्लोअर क्लीनर बंद करा.

पंचवटीकर_७:
ॲसिडची बाटली कुलपात गेली. पॉलिशवाला दिवाळीआधी येतो म्हणालाय पण हॉल रिकामा पाहिजे म्हणे, आणि आमचं गोदरेजचं कपाट मी शाळेत असल्यापासून जागचं हललेलं नाही. कुणी येतंय का हात लावायला? मिसळ माझ्याकडून.

तर्रीबाज:
येतो. पार्सल नको पण.