मदत हवी: पोलिसांनी कार्ड फॉरमॅट करायला लावलं, कन्नड कागदावर सहीही घेतली

नमस्कार मंडळी. मी बेळगावचा. लग्नाचे फोटो काढतो, पण शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक दरवर्षी हौसेनं टिपतो. यंदा पहाटे तीनच्या सुमाराला एका चौकात ढकलाढकली झाली. एका पोरावर काठी उगारलेली दिसली आणि माझं बोट दाबलं गेलं. चार-पाच फ्रेम असतील. लगेच कुणीतरी कॅमेऱ्याचा पट्टा धरला. ‘ए, फोटो तेगिब्याड!’ (फोटो काढू नको.)

बाजूला नेलं. फॉरमॅट कुठं असतं ते त्यांना सापडेना, म्हणून मेनू मलाच उघडायला लावला. बटणही माझ्याच अंगठ्यानं. चित्ररथांसकट सगळी रात्र गेली. वर एका कागदावर सही घेतली. कन्नड मी फाडफाड बोलतो हो, पण हातानं लिहिलेलं वाचता येत नाही. नक्कल दिली नाही.

रस्त्यावर पोलिसांचा फोटो काढणं गुन्हा आहे का? सही कशावर केली ते कसं कळेल? (सीमाप्रश्नावर घसरू नका, हात जोडतो.)

प्रतिसाद:
आधी कार्ड काढून त्याची लॉकची खिट्टी सरकवा, म्हणजे त्यावर नवं काही लिहिलं जाणार नाही. फॉरमॅटमध्ये बहुतेक वेळा फक्त यादी पुसली जाते, फोटो तिथंच असतात. ‘फोटोरेक’ हे पुसलेले फोटो परत काढणारं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, ते चालवा.

रस्त्यावर फोटो काढायला सरसकट बंदी नाही. कॅम्पातल्या लष्करी जागांचं वेगळं, तिथं १९२३ चा ऑफिशियल सीक्रेट्स ॲक्ट आहे. गुन्ह्याचा संशय असेल तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०६ खाली पोलीस वस्तू जप्त करू शकतात, पण कलम १०५ प्रमाणे त्या जप्तीचं चित्रीकरण करावं लागतं. पुसायला लावण्याचा अधिकार कुठंच नाही. पुरावा असेल तर तो जपायचा असतो, पुसायचा कसा? मात्र पुढच्या वेळी पट्टा ओढून धरू नका, सरकारी कामात अडथळ्याचं न्याय संहितेचं कलम २२१ लगेच लावतात.

कागदाची नक्कल आणि चौकातलं सीसीटीव्ही फुटेज माहिती अधिकारात मागा, तेही आजच. फुटेज फार दिवस ठेवत नाहीत. लेखी तक्रार पोलीस आयुक्तांकडे द्या.

धागाकर्ता:
अर्ज उद्या देतो. पण त्यानंतर त्याच कार्डावर एका बारशाचे दोनशे फोटो काढून बसलोय.

प्रतिसाद:
काठीच्या फ्रेम रात्रीच्या शेवटीशेवटी काढलेल्या ना? नवे फोटो बहुधा कार्डाच्या सुरुवातीपासून भरतात. सुरुवातीचे चित्ररथ गेले असतील, काठी सापडेल. आता मात्र खिट्टी सरकवाच.