डीटीपीचा जुना पीसी आत्ता बदलू की थांबू? सल्ला हवाय

अक्षरजुळणी_सांगली
नमस्कार मंडळी. माझं सांगलीत डीटीपीचं छोटं काम आहे, लग्नपत्रिका, बिलबुकं, संस्थांचे वार्षिक अहवाल, कधी एखादा दिवाळी अंक. मशीन २०१७ मध्ये असेंबल करून घेतलेलं, आय५-७४००, एच११० मदरबोर्ड, ८ जीबी डीडीआर४ रॅमची एकच स्टिक, १ टीबी हार्डडिस्क, वेगळं ग्राफिक कार्ड नाही, विंडोज १०. त्यावर कोरल (डिझाइनसाठी), फोटोशॉप आणि श्रीलिपी (मराठी फॉन्टचं सॉफ्टवेअर), तिचं यूएसबीचं जुनं लॉक, जे असल्याशिवाय ती चालत नाही, मागे लावलेलं असतं.

त्रास असा की सकाळी बटण दाबल्यापासून कोरल उघडेपर्यंत सात-आठ मिनिटं जातात. गिऱ्हाईक शेजारी खुर्ची ओढून बसलेलं असतं, मुलीच्या मामांचं नाव राहिलंय तेवढं घाला म्हणतं, आणि फाईल सेव्ह होईस्तोवर आम्ही दोघंही स्क्रीनकडे बघत बसतो. महापालिकेच्या निवडणुकीची पत्रकं करताना तर दोनदा फाईल उडाली, रात्री दोनपर्यंत परत जुळवली. त्यात विंडोज १० चे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद झाले, आणि ११ टाकायला गेलो तर प्रोसेसर चालत नाही म्हणतं.

बजेट ४५ हजार, ताणून ५०. इथल्या एका दुकानदाराने डिसेंबरात कोटेशन दिलं होतं, जानेवारीत परत गेलो तर रॅमचा आकडा बदलून नवीन कागद हातात दिला. भाचा म्हणतोय मामा सहा महिने थांबा, रॅम स्वस्त होईल. आता पत्रिकांचा सीझन तोंडावर आहे, काय करू?

जुना_बोर्डवाला
दादा आधी एक करा, काहीही विकत घ्यायच्या आधी. मशीन अडकलेलं असतानाच टास्क मॅनेजर उघडा आणि परफॉर्मन्समध्ये बघा, सीपीयू किती, मेमरी किती, डिस्क किती. तिन्ही आकडे इथे टाका. त्याशिवाय आत्ता घ्या की थांबा याला अर्थ नाही, कारण नक्की काय कमी पडतंय तेच माहीत नाही.

भाचेमंडळी_ऐका
सहा महिन्यात रॅम स्वस्त होईल यावर मी तरी एक रुपया लावणार नाही. दिवाळीच्या आधी नव्या पिढीच्या डीडीआर५ रॅमची १६ जीबी स्टिक घेतली होती, तीच आता त्याच दुकानात दुपटीच्या वर गेलीये. जगात रॅमच्या चिप मोठ्या प्रमाणावर बनवणारे मुख्य तीनच, सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन. एआयच्या डेटा सेंटरना लागणारी एचबीएम ही खास वेगवान मेमरी पण हेच बनवतात आणि त्यात पैसा जास्त, म्हणून कारखान्याची ताकद तिकडे वळवलीये. मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये आपल्यासारख्या सामान्य गिऱ्हाइकांसाठीचा क्रूशियल ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. नवा कारखाना उभा राहून त्यातून माल निघायला वर्षं लागतात. आणि कुणी म्हणेल आता गुजरातेत साणंदला होतंय की, तर तिथे चिप जोडणी आणि टेस्टिंगचं काम आहे, वेफर (ज्या सिलिकॉनच्या चकतीवर चिप तयार होतात ती) तिथे बनत नाही, त्यामुळे त्याने लगेच भाव उतरायचे नाहीत.
डीडीआर४ जुनी म्हणून स्वस्त राहील असंही नाही, ती बनवणंच कमी करत चाललेत त्यामुळे तीही वर गेलीये.

अक्षरजुळणी_सांगली
@जुना_बोर्डवाला बघितलं. कोरल उघडताना डिस्क १००%, तिथून हलतच नाही. मेमरी ८ पैकी ६.९. सीपीयू ३०-३५ च्या पुढे गेला नाही, फक्त फोटोशॉपमध्ये फिल्टर मारला तेव्हा ९० झाला.

जुना_बोर्डवाला
मग मशीन बदलू नका, डिस्क बदला. तुमचा प्रोसेसर निवांत बसलाय, तो हार्डडिस्कची वाट बघतोय. फिरणारी डिस्क एका फाईलचा सलग डेटा १००-१५० एमबीने देते खरं, पण विंडोज चालू होताना हजारो बारक्या फाईली इकडून तिकडून उचलायच्या असतात, तिथे ती मरते. साधी साटा एसएसडी (न फिरणारी, चिपवर डेटा ठेवणारी डिस्क) सलग वाचनात ५०० च्या वर जाते आणि बारक्या फाईलींत तर तुलनाच नाही. तुमच्या एच११० ला एम.२ चा (थेट बोर्डवर एसएसडी बसवायचा) स्लॉट असेलच असं नाही, म्हणून अडीच इंची साटाच घ्या, ५०० जीबी पुरे, जुनी हार्डडिस्क डेटाला तशीच राहू दे. एसएसडीचे भाव पण चढतायत, त्यामुळे हे काम पुढच्या महिन्यावर टाकू नका.

विंडोज नव्याने टाकू नका, आहे तसं क्लोन करा, म्हणजे सगळी डिस्क जशीच्या तशी नव्यावर उतरवा. त्यासाठी क्लोनझिला हे सॉफ्टवेअर फुकट आहे, थोडं किचकट वाटतं पण जमतं. फक्त त्यात छोट्या डिस्कवर मोठी डिस्क उतरवायची तर आधी सी ड्राइव्ह एसएसडीपेक्षा लहान करून घ्यावा लागतो, नाहीतर अर्ध्यात अडतं. आणि क्लोन करताना कुठली डिस्क मूळ आणि कुठली नवी हे तीनदा बघा, उलटं झालं तर सगळं पुसलं जातं. झाल्यावर जुनी डिस्क काढून फक्त एसएसडीवर चालू करून बघायचं.

रॅमचा दुसरा स्लॉट रिकामा आहे, त्यात ८ जीबी डीडीआर४ सेकंडहँड टाका, १६ होतील. डेस्कटॉपचीच स्टिक मागा, लॅपटॉपची छोटी असते ती बसणार नाही.

अपडेटचं म्हणाल तर विंडोज १० ला १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सिक्युरिटी अपडेट मिळतात, त्यात नाव नोंदवावं लागतं. आधी व्हर्जन २२एच२ आहे का बघा, मग सेटिंगमध्ये विंडोज अपडेटला एनरोलचा पर्याय दिसेल. मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन करून सेटिंगचा बॅकअप चालू केला की फुकट, नाहीतर ३० डॉलर.

नाशिकची_अक्षरताई
भाऊ, मी २२ वर्षं हेच काम करतेय म्हणून कळकळीने सांगते, मशीन कुठलंही घ्या पण आधी लॉकचं बघा. मी चार वर्षांपूर्वी नवीन मशीन घेतलं, ६४-बिट विंडोज, आणि माझ्या जुन्या लॉकचा ड्रायव्हर त्यावर चढेचना. नवीन व्हर्जन घ्यायचं ठरवून ते हातात पडेपर्यंत नऊ दिवस गेले, दोन पत्रिका आणि एका पतसंस्थेचा अहवाल दुसऱ्याकडे गेला. ती पतसंस्था परत आलीच नाही.

विंडोज ११ फक्त ६४-बिटमध्येच येतं. जुन्या सॉफ्टवेअरच्या सीडीवरचा इन्स्टॉलर १६-बिट असला तर तो ६४-बिटवर सुरूच होत नाही. तुमचं विंडोज १० किती बिटचं आहे ते सिस्टिमच्या माहितीत बघा. ६४ असेल आणि लॉक चालत असेल तर अर्धी काळजी मिटली. ३२ असेल तर सीझन संपेपर्यंत त्याला हातच लावू नका. फक्त तेव्हा ८ ची १६ जीबी रॅम केलीत तरी उपयोग नाही, ३२-बिट विंडोज साधारण ४ च्या वर वापरत नाही. (पण ६.९ दाखवतंय म्हणजे ६४ च असणार.)

आणि फॉन्टचं फोल्डर, कन्व्हर्टर, ड्रायव्हरची सेटअप फाईल, सीडी असेल तर सीडीची कॉपी, हे सगळं पेन ड्राइव्हवर घेऊन ठेवा. आजकाल मॅटर व्हॉट्सॅपवर युनिकोडमध्ये येतं, आपण ते श्रीलिपीत बदलून घेतो, रफार आणि जोडाक्षरं कुठे फुटतात हे आपल्याला त्या कन्व्हर्टरच्या सवयीने माहीत असतं. कन्व्हर्टर बदललं की चुका नव्या जागी होतात आणि प्रूफ वाचताना नजर जुन्या जागीच जाते. माझ्याकडे 'आशीर्वाद' चा रफार असाच सरकला होता, ८०० पत्रिका छापून झाल्यावर कळलं.

ऑफिसातला_डबा
एसएसडी ठीक आहे पण मशीन नऊ वर्षांचं आहे, बोर्ड कधीही जाईल, म्हणून मी म्हणेन ऑफिसातून निघालेला रिफर्बिश्ड (दुरुस्त करून विकायला ठेवलेला) टॉवर बघा. मुंबईत लॅमिंग्टन रोडला भरपूर मिळतात, पुण्यातही. ऑप्टिप्लेक्स, थिंकसेंटर, प्रोडेस्क असले. अट एकच, इंटेल ८ व्या पिढीचा किंवा पुढचा प्रोसेसर, म्हणजे ११ अधिकृतपणे चालेल. आत रॅम आधीच असते, ती वेगळी घ्यावी लागत नाही, सध्याच्या भावात हाच मोठा फायदा. तोटा असा की यातल्या बऱ्याच डब्यांचा एसएमपीएस (पॉवर सप्लाय) आणि बोर्ड कंपनीच्या मापाचा असतो, गेला तर कोपऱ्यावरच्या दुकानातला बसत नाही.
आणि तुमच्याच बोर्डवर ८ वी पिढी बसवून देतो असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. सॉकेट दिसायला तेच, एलजीए ११५१, पण १०० आणि २०० सिरीजच्या बोर्डवर ते चालत नाहीत.

जुना_बोर्डवाला
@ऑफिसातला_डबा बरोबर आहे, फक्त क्रम उलटा नको. आत्ता एसएसडी, सीझन झाल्यावर मे-जूनमध्ये तुम्ही म्हणता तसा टॉवर, आणि दोन्ही मशीन महिनाभर शेजारी ठेवून काम. एसएसडी काढून तिकडे लावता येतेच, पैसे वाया जात नाहीत. ऑक्टोबरच्या आत सगळं व्हायला हवं एवढंच. प्रोसेसरची तपासणी चुकवून विंडोज ११ टाकायचे जुगाड आहेत, पण पुढचे अपडेट मिळतील याची मायक्रोसॉफ्ट हमी देत नाही, धंद्याच्या मशीनवर मी करणार नाही.

अक्षरजुळणी_सांगली
सगळ्यांचे मनापासून आभार. रविवारी दुकान बंद ठेवून केलं. विंडोज ६४-बिटच निघालं. ताई तुम्ही सांगितलं तसं आधी फॉन्ट, कन्व्हर्टर, ड्रायव्हर दोन पेन ड्राइव्हवर घेतलं, एक घरी ठेवलाय. मग ५०० जीबीची साटा एसएसडी, सी ड्राइव्ह लहान करून क्लोन, पहिल्यांदा मी केबल सैल लावली होती म्हणून डिस्क दिसेना, घाम फुटला, नंतर झालं. लॉक लगेच चाललं. बटण दाबल्यापासून कोरल उघडेपर्यंत आता मिनिटाच्या आत. ८ जीबीची जुनी स्टिक मिरजेत एकाकडे मिळाली, तीही बसली. अपडेटची नोंदणी पण केली.

टॉवर जूनमध्ये बघायला मुंबईला यायचा विचार आहे. तेव्हा श्रीलिपीचं लॉक सोबत आणून दुकानातच लावून बघायला देतात का हो, की असं विचारलं तर नाही म्हणतात?

ऑफिसातला_डबा
चांगले दुकानदार देतात. जो नाही म्हणेल त्याच्याकडून घेऊ नका. येताना लॉक, ड्रायव्हरचा पेन ड्राइव्ह आणि तुमची सगळ्यात जड फ्लेक्सची फाईल घेऊन या, आणि शक्यतो सकाळी या, दुपारनंतर गर्दीत कुणी तेवढा वेळ देत नाही.