तैलरंगात पावसाळी धुकं खडूसारखं दिसतंय, चार रंगांत कसं जमवावं?

नमस्कार मंडळी,

तीन आठवडे एकाच चित्रापाशी अडकले आहे. तैलरंगात काम करणाऱ्यांनी कृपया मार्ग दाखवा.

विषय माळशेज घाटाचा. जुलैतली सकाळ, पाऊस नुकताच थांबलेला. पुढे ओला काळा कातळ, मागे डोंगराच्या तीन रांगा, त्यातली शेवटची ढगात जवळजवळ विरलेली. तिथे उभी होते तेव्हा छातीत काहीतरी दाटून आलं होतं. तेच कॅनव्हासवर यावं, एवढीच धडपड आहे.

कॅनव्हास १२ बाय १६ इंची. रंग चारच: अल्ट्रामरीन (गडद निळा), बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी), यलो ऑकर (मातकट पिवळा), टायटॅनियम व्हाइट (पांढरा). ट्यूबमधला हिरवा सह्याद्रीला लावला की डोंगर पोपटी होतात, म्हणून तो मुद्दाम बाजूला ठेवला. शिवाय सगळे करडे रंग त्याच चार रंगांतून निघाले की चित्र एकसंध राहतं.

अडचण धुक्याची आहे. डोंगर दूर ढकलायला पांढरा घालत गेले आणि सगळं थंड, खडू फासल्यासारखं झालं. मोबाइलवर फोटो काढून कृष्णधवल केला तेव्हा चूक दिसली: माझं धुकं आकाशापेक्षाही उजळ होतं! ते पुसून अल्ट्रामरीन-सिएनाचा करडा घातला, तर आता गढूळ दिसतंय. वाळलेल्या गडद थरावर पांढुरका पातळ थर घासला की तो निळसर दिसतो, हे अनुभवलंय. थंडपणा त्यातूनच येतोय का?

एक जागा मात्र साधली आहे. मधल्या रांगेचा उजवीकडचा, दोन बोटं रुंदीचा तुकडा. तिथे डोंगराचा माथा गडद ठेवून पायथा दरीतल्या धुक्यात विरघळवला. ब्रशला सिएना उरली होती, ती ओल्या रंगातच मिसळली आणि करड्यात किंचित ऊब आली. तेवढ्या तुकड्यात मला खरंच दरी दिसते. बाकी रांगांवर तेच करायला जाते तर हात चुकतो. आधी पॅलेटवर गरम आणि थंड करड्याच्या चार-पाच पायऱ्या बनवून मग लावाव्यात, की ओल्यात ओलं मिसळत जावं?

दुसरं, अल्ट्रामरीनऐवजी आयव्हरी ब्लॅक घ्यावा का? स्वीडनचे अँडर्स झोर्न (१८६०–१९२०) यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पॅलेटमध्ये ऑकर, लाल, काळा आणि पांढरा एवढेच रंग असतात. काळ्यात पांढरा घालून पाहिला, निळसर करडा छान येतो. ऑकर आणि काळ्यातून तर शेवाळाचा हुबेहूब हिरवा निघाला. पण आयव्हरी ब्लॅक वाळायला वेळ लावतो आणि पावसाळ्यात आमच्याकडे आधीच काही लवकर वाळत नाही.

पुढचा कातळ वाळल्यावर ठिकठिकाणी मंद पडलाय, त्याची ओली खोली गेली. त्यावर जवसाचं तेल अगदी पातळ चोळून कापडाने टिपून घेतात असं ऐकलंय. रंग हाताला लागत नाही, पण आत ओला असेल. आत्ता तेल लावू का थांबू?

कातळाला हात लावायची घाई नाही. पण धुक्याबद्दल कोणी लवकर सांगितलं तर बरं होईल, रविवारी पुन्हा बसणार आहे. चित्राचा फोटो उद्या सकाळी खिडकीपाशी काढून टाकते, ट्यूबलाइटखाली सगळंच निळं येतंय.