मदत हवी आहे: रोम जळताना नीरो खरंच गात होता का?

शाळेतल्या मुलांसाठी रोमन सम्राटांवर छोटं भाषण तयार करतोय. इ.स. 64 च्या आगीपाशी अडलोय. फिडल बाद केलंच आहे, ते वाद्य तेव्हा नव्हतंच. प्रश्न गाण्याचा आहे.

टॅसिटस, सुएटोनियस आणि कॅसियस डिओ या तीन प्राचीन रोमन इतिहासकारांचे आगीबद्दलचे उतारे इंग्रजीतून वाचले. टॅसिटसच्या मते आग लागली तेव्हा नीरो रोममध्ये नव्हताच, अँटियम या किनाऱ्यावरच्या गावी होता. ट्रॉयच्या विनाशाचं गाणं तो फक्त अफवा म्हणून नोंदवतो. सुएटोनियस नीरोला मायसेनसच्या मनोऱ्यावर चढवतो, डिओ राजवाड्याच्या छपरावर. दोघेही ठामपणे सांगतात, आणि दोघेही आगीनंतर जन्मलेले! टॅसिटसही तेव्हा लहानच होता. त्यामुळे मला तरी ही दंतकथाच वाटते, पण मुलांना तसं ठासून सांगायला आधार हवा.

नीरोच्याच काळातला रोमन लेखक थोरला प्लिनी याने नीरोच्या आगीचा ओझरता उल्लेख केलाय, तो माहीत आहे. त्यात गाणं नाही. आग कोणी लावली, आगीनंतर नीरोने सुवर्णमहाल कसा बांधला, हे विषय भाषणात नाहीत. लॅटिन येत नाही, मराठी किंवा इंग्रजी चालेल.

टॅसिटसच्या आधीच्या कुठल्या लेखनात या गाण्याचा उल्लेख सापडतो का?