स्टुडंट अफेअर्समध्ये मास्टर्स : असिस्टंटशिपचा अर्ज वेगळा करायचा असतो का?

पायवाट :
पुढच्या फॉलसाठी (ऑगस्टच्या सत्रासाठी) अमेरिकेत हायर एज्युकेशन अँड स्टुडंट अफेअर्सच्या (कॉलेजातल्या विद्यार्थी-सेवांचं प्रशासन) मास्टर्सला अर्ज करतेय. मानसशास्त्रात बीए (तीन वर्षांचं, पुणे), त्यानंतर एका कॉलेजच्या विद्यार्थी विकास विभागात दोन वर्षं काम : कमवा आणि शिका, एनएसएस, स्नेहसंमेलन. यादीत सध्या बोलिंग ग्रीन, इंडियाना (ब्लूमिंग्टन) आणि व्हरमाँट आहेत. असिस्टंटशिप (शिकताना विद्यापीठात अर्धवेळ काम, बदल्यात फीमध्ये सूट आणि स्टायपेंड) मिळाली नाही तर जाणं शक्य नाही, म्हणून विचारते :
प्रवेशाच्या अर्जातच असिस्टंटशिप येते की वेगळा अर्ज? वसतिगृहातली घ्यावी की ऑफिसातली? 'ट्यूशन वेव्हर' म्हणजे फी पूर्ण माफ का? मुलाखतीत काय विचारतात?

कोपऱ्यावरचा :
दोन अर्ज असतात असंच धरून चाला. प्रवेश देतो विभाग. असिस्टंटशिप म्हणजे नोकरी, आणि ती देतं हाउसिंग (वसतिगृह विभाग), करिअर सेंटर, ओरिएंटेशन, अॅडव्हायझिंग यांपैकी ज्याला माणूस हवाय ते ऑफिस. इंजिनिअरिंगवाल्यांसारखं प्राध्यापकांना ईमेल पाठवत बसण्याचा इथे उपयोग नाही, कारण पैसे प्राध्यापकांच्या ग्रँटमधून येत नाहीत.

साधारण क्रम असा : प्रवेशाची मुदत डिसेंबर-जानेवारी, पहिली चाळणी झाली की जागांची यादी उघडते, फेब्रुवारी-मार्चमध्ये एक-दोन दिवसांत सलग मुलाखती. काही ठिकाणी दोन्ही बाजूंनी पसंतीक्रम भरून जुळणी होते. काही ठिकाणी असिस्टंटशिप मिळाली तरच प्रवेश पक्का. तुमच्या तिन्ही विद्यापीठांना एकच प्रश्न लेखी विचारा : 'प्रवेश मिळाला पण असिस्टंटशिप मिळाली नाही, असं होऊ शकतं का?' उत्तर गोलमोल आलं तर हो समजा.

१५ एप्रिलचा नियम वाचला असेलच. कौन्सिल ऑफ ग्रॅज्युएट स्कूल्सच्या ठरावावर सही केलेली विद्यापीठं आर्थिक मदतीच्या ऑफरला त्याआधी उत्तर देण्याची सक्ती करत नाहीत. पण एखादं ऑफिस थेट ऑफर देऊन चार दिवसांत उत्तर मागू शकतं. तेव्हा ही ऑफर ठरावात बसते का, हे विभागाच्या समन्वयकाला विचारा. विचारलं म्हणून कुणी ऑफर काढून घेत नाही.

तीन वर्षांच्या बीएचं आधी मिटवा. ती पदवी चालते का आणि कोणाचं मूल्यमापन लागतं, हे विद्यापीठाचं ग्रॅज्युएट कॉलेज (पदव्युत्तर प्रवेश बघणारं कार्यालय) ठरवतं. अर्जाची फी भरण्याआधी ईमेल करा.

आणि जवळपासच्या छोट्या कॉलेजांतल्या जागाही सोडू नका. बरेच विभाग शेजारच्या कॉलेजांशी करार करून तिथे असिस्टंट पाठवतात.

हिशेबनीस :
स्टायपेंडचा आकडा शेवटी बघा, आधी पत्रातली बाकीची वाक्यं वाचा. वेव्हर किती क्रेडिटचा? राज्याबाहेरच्यांच्या दराला लागू आहे की फक्त राज्यातल्या दराला? उन्हाळी क्रेडिट त्यात आहेत का? 'ट्यूशन' आणि 'फीज' हे तिकडे दोन वेगळे शब्द आहेत. वेव्हर ट्यूशनचा असतो. तंत्रज्ञान, आरोग्य केंद्र, आंतरराष्ट्रीय विद्यार्थी अशा फिया बहुतेक वेळा तुमच्याच खिशातून जातात. आरोग्य विमा वेगळा विचारा. करार ९, १० की १२ महिन्यांचा, तेही बघा. १०,००० डॉलर १० महिन्यांत वाटले तर महिन्याला १,००० पडतात आणि जून-जुलै कोरडे जातात. पहिला पगार बहुधा सप्टेंबरात हातात येतो, त्यामुळे दीड-दोन महिन्यांचा खर्च सोबत हवा.

आता सहसा कुणी सांगत नाही ती गोष्ट. शिकवणाऱ्या किंवा संशोधन करणाऱ्या असिस्टंटचा वेव्हर करमुक्त असतो. स्टुडंट अफेअर्समधलं काम प्रशासकीय धरलं जातं. तिथे वर्षाला ५,२५० डॉलरपर्यंतच सूट मिळते (२०२६ नंतर ही मर्यादा महागाईप्रमाणे वाढायची आहे) आणि त्यावरचा वेव्हर पगार समजून त्यावर कर लागतो. म्हणजे वर्षात १८ क्रेडिट, दर क्रेडिटला ७०० डॉलर धरला, तर वेव्हर १२,६०० चा आणि त्यातले ७,३५० करपात्र. हा कर स्टायपेंडमधूनच कापतात, त्यामुळे एखाद्या महिन्याचा चेक अचानक निम्म्यावर आलेला दिसतो. पेरोलला आधीच विचारा : 'माझा वेव्हर करपात्र धरणार का, आणि कोणत्या महिन्यांत कापणार?'

दिलासा दोन बाबतींत आहे. भारत-अमेरिका कर कराराच्या कलम २१(२) मुळे भारतीय विद्यार्थ्यांना १०४०-एनआर (अनिवासींचं कर विवरणपत्र) भरतानाही स्टँडर्ड डिडक्शन घेता येतं. बहुतेक देशांच्या विद्यार्थ्यांना ते मिळत नाही. शिवाय एफ-१ वर (विद्यार्थी व्हिसावर) पहिली पाच कॅलेंडर वर्षं सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरचे ७.६५ टक्के कापायचे नसतात. चुकून कापले तर परत मागा.

वसतिगृहात राहणं ही नोकरीची अट असेल तर घरभाड्याची किंमत साधारणपणे करपात्र धरत नाहीत. म्हणून नुसत्या हिशेबाने हॉल डायरेक्टरची (वसतिगृहप्रमुखाची) जागा जिंकते. पण रात्रपाळीचा फोन, बारा-पंधरा आरएंची (मजल्यांवर मदतनीस म्हणून राहणाऱ्या विद्यार्थ्यांची) देखरेख, रात्री तीनचा फायर अलार्म हे सगळं त्या भाड्यातच आलं. शाकाहारी असाल तर मील प्लॅनची किंमत हिशेबात धरण्याआधी मेनू बघून घ्या.

शिक्का :
कोपऱ्यावरचा यांच्या शेवटच्या सल्ल्यात एक खड्डा आहे. एफ-१ वर सत्र चालू असताना आठवड्याला २० तास, तेही कॅम्पसवर. शेजारच्या कॉलेजातली नोकरी कॅम्पसबाहेरची ठरू शकते आणि मग सीपीटी (अभ्यासक्रमाचा भाग म्हणून बाहेर काम करण्याची परवानगी) लागतं. सीपीटीला एरवी एक शैक्षणिक वर्ष पूर्ण व्हावं लागतं. मास्टर्सच्या अभ्यासक्रमातच ते काम सुरुवातीपासून सक्तीचं असेल तर सवलत आहे. ठरवणार तो डीएसओ (विद्यापीठातला व्हिसाचं काम बघणारा अधिकारी), विभाग नाही. स्थानिक विद्यार्थ्यांना ही अडचणच नसते, त्यामुळे विभागाच्या लक्षातही येत नाही. अशी जागा पसंतीक्रमात वर टाकण्याआधी डीएसओचं लेखी उत्तर घ्या.

२० तासांची असिस्टंटशिप म्हणजे कोटा संपला. वर डायनिंग हॉलमध्ये चार तास घेतले तरी व्हिसाचं स्टेटस धोक्यात.

कोपऱ्यावरचा :
बरोबर, ते सुटलं होतं. वरचा सल्ला एफ-१ वाल्यांनी या अटीसकट वाचावा.

दुसरी घंटा :
रेझ्युमे आणि मुलाखतीबद्दल. फोटो, जन्मतारीख, वडिलांचं नाव, वैवाहिक स्थिती हे सगळं काढा. 'कोऑर्डिनेटेड व्हेरियस इव्हेंट्स' हे वाक्य असेल तर तेही. कमवा आणि शिका म्हणजे तिकडच्या भाषेत वर्क-स्टडी. किती विद्यार्थी, कोणत्या विभागांत, हजेरी आणि मानधनाची नोंद कोण ठेवत होतं, असं लिहा. नुसतं 'एनएसएस' लिहिलं तर कुणाला कळत नाही; वर्षाला १२० तास आणि सात दिवसांचं निवासी शिबिर म्हटलं की कळतं. कव्हर लेटर प्रत्येक ऑफिसला वेगळं, कारण करिअर सेंटरला हॉस्टेलच्या शिस्तीत रस नसतो.

मुलाखतीत प्रसंग देतात, आणि आपल्याकडचं चांगलं उत्तर नेमकं तिथे चुकतं. विद्यार्थी नापास होतोय, आईचा फोन आला, काय कराल? आपण पालकांना बोलावून घेऊ. तिकडे १९७४ च्या फर्पा कायद्यामुळे कॉलेजात गेलेल्याच्या नोंदींचा हक्क त्याचा स्वतःचा. आईचं ऐकून घ्यायचं, काळजी समजून घ्यायची, मार्क सांगायचे नाहीत. जिवाला धोका असेल तेव्हाचा अपवाद वेगळा.

दुसरा प्रसंग : मुलगी म्हणते, 'कुणाला सांगणार नसाल तर एक सांगते.' 'नाही सांगणार' म्हणालात की संपलं. लैंगिक छळाची माहिती टायटल नाइनच्या (शिक्षणातल्या लिंगभेदाविरुद्धच्या कायद्याच्या) कार्यालयाला कळवणं बहुतेक असिस्टंटना बंधनकारक असतं. त्यामुळे तिने सांगण्याआधीच आपली मर्यादा सांगायची आणि गोपनीय राहील अशी जागा, म्हणजे समुपदेशन केंद्र, दाखवायची.

मानसशास्त्रवाले आत्महत्येच्या प्रसंगात स्वतःच समुपदेशन करायला बसतात. तिथे अपेक्षा असते ती साखळी माहीत असण्याची : एकटं सोडायचं नाही, ऑन-कॉल वरिष्ठांना फोन, गरज पडल्यास ९११, आणि त्याच रात्री अहवाल.

पायवाट :
खूपच उपयोगी. हाउसिंगच्या एका जागेच्या माहितीत प्रशिक्षण २० जुलैपासून लिहिलंय, वर्ग २४ ऑगस्टला. यात काही अडचण?

शिक्का :
आहे. आय-२० (व्हिसासाठी विद्यापीठ देतं तो प्रवेशाचा दाखला) वरच्या सुरुवातीच्या तारखेआधी ३० दिवसांपेक्षा लवकर देशात शिरता येत नाही, आणि नव्या विद्यार्थ्याला कॅम्पसवरचं कामही त्याआधी सुरू करता येत नाही. २४ ऑगस्टची तारीख असेल तर २५ जुलैच्या आत काहीच नाही. ऑफर स्वीकारतानाच हाउसिंग आणि डीएसओ दोघांना एकाच ईमेलमध्ये घ्या : एक तर तुमच्यापुरतं प्रशिक्षण उशिरा सुरू होईल, नाहीतर आय-२० वरची तारीख बदलता येते का ते डीएसओ बघतील. हे व्हिसाच्या मुलाखतीआधी व्हायला हवं. असिस्टंटशिपची रक्कमही त्याच आय-२० वर चढवून घ्या.

दुसरी घंटा :
मुलाखतीच्या वेळेचंही बघा. ईस्टर्न टाइमचे (अमेरिकेच्या पूर्व भागातल्या वेळेचे) सकाळचे ९ म्हणजे आपले संध्याकाळचे साडेसात, पण मार्चच्या दुसऱ्या रविवारी तिकडची घड्याळं पुढे सरकतात आणि त्यानंतर तेच साडेसहा होतात.