आवाज ट्रॅकच्या मागं राहतोय, नवीन प्रीअँप घ्यावा का?

हलगी_कडकडाट

मंडळी, कोल्हापूरच्या राजारामपुरीत १० बाय १० फुटांच्या खोलीत रेकॉर्डिंग करतोय. स्लॅब पण १० फुटांवर. एसएम५८ माइक, दोन चॅनेलचा स्वस्तातला यूएसबी इंटरफेस (माइक लॅपटॉपला जोडणारा डबा), सॉफ्टवेअर रीपर. अभंग आणि पोवाडा दोन्ही गायचं असतं. ढोलकी, पेटी, बास आधीच वाजवून ठेवलंय.

अडचण अशी: गायक माइकपासून वीतभर लांब असतो. अभंगाच्या हळू ओळी मीटरवर मायनस ३० डीबीच्या वर येत नाहीत (शून्य म्हणजे कमाल) आणि गेन, म्हणजे माइकचा सिग्नल मोठा करायचा नॉब, वाढवला की सुस्स ऐकू येतं. पोवाड्याला मात्र त्याच गेनवर लाल दिवा लागतो. कॉम्प्रेसर (मोठा आवाज दाबून पातळी सारखी करणारा) लावला की पंखा, खोली, सुस्स सगळंच वर येतं आणि आवाज काही केल्या पुढं येत नाही. भरीव तर नाहीच. सगळे म्हणतात वेगळा प्रीअँप (माइकचा बारीक सिग्नल मोठा करणारा डबा) घे. १५ हजारांपर्यंत तयारी आहे. घेऊ का?

तांबडा_पांढरा

नको. निदान आत्ता तरी नको.

वीत म्हणजे साधारण २० सेंटिमीटर. ओठ आणि जाळी यांच्यात चार आडवी बोटं बसतील एवढंच अंतर ठेवा, म्हणजे ७-८ सेंटिमीटर. अंतर निम्मं झालं की थेट आवाज ६ डीबीनं वाढतो, इथं ८ डीबीच्या आसपास फुकट मिळतात. खोलीचा घुमारा मात्र आहे तेवढाच राहतो. म्हणजे तेवढा गेन कमी करा, सुस्सही ८ डीबीनं खाली आणि खोलीही. आवाज ‘मागं’ वाटतो तो या घुमाऱ्यामुळं. कानाला अंतर कळतं ते त्यावरूनच, आणि कितीही महाग प्रीअँप आणला तरी तो हे अंतर कमी करणार नाही.

भरीवपणाही इथूनच येतो. एसएम५८ सारख्या कार्डिऑइड (समोरूनच जास्त ऐकणाऱ्या) माइकच्या जवळ गेलं की खालचे सूर आपोआप फुगतात. वीतभर अंतरावर ते बरंच कमी झालेलं असतं, म्हणून तुमचा आवाज पातळ येतोय.

आता प्रीअँपचा हिशोब. १५० ओहमच्या माइकमध्ये नुसत्या उष्णतेमुळं जो आवाज असतो तोच सुमारे मायनस १३१ डीबीयू (सिग्नलची पातळी मोजायचं एकक). बऱ्या बजेट इंटरफेसचा इनपुट नॉइज (हा आवाज धरून एकूण सुस्स) मायनस १२८ च्या आसपास असतो. जगातला सर्वात शांत प्रीअँप घेतला तरी फायदा ३ डीबी. चार बोटांचे ८.

जवळ आलं की ‘पंढरी’तला प आणि ‘भक्ती’तला भ फुटणार. माइक तोंडासमोर सरळ न धरता नाकाच्या उंचीवर ठेवून ओठांकडं थोडा खाली झुकवा. वाऱ्याचा झोत खालून निघून जातो. पॉप फिल्टर नसेल तर भरतकामाच्या रिंगवर जुना पायमोजा ताणून बसवा, तो जाळीपासून चार बोटांवर लावा आणि गायकाला सांगा ओठ त्याला टेकवूनच गा. अंतर आपोआप कायम राहतं.

पोवाडा आणि अभंग एकाच गेनवर घेऊ नका. आधी पोवाड्यातली सगळ्यात चढी ओळ पूर्ण ताकदीनं गाऊन घ्या, ती मायनस १० ते १२ ला थांबेल एवढा गेन ठेवा. अभंगासाठी वेगळा. रेकॉर्डिंग २४ बिटवर असेल तर सरासरी मायनस २० असली तरी काही बिघडत नाही, शून्याला भिडवायचा सोस सोडा. स्वस्त नॉबचा शेवटचा थोडा भाग एकदम उडी मारतो, तिथं जायची वेळच येऊ देऊ नका.

वायरमन

सुस्स नक्की कुठून येतंय ते आधी शोधा. माइक वायरीसकट वाकळीत गच्च गुंडाळा, कपाटात ठेवा, गेन गाण्याच्या वेळी असतो तिथंच ठेवून अर्धा मिनिट रेकॉर्ड करा. आता जे उरलं ते इंटरफेसचं आणि विजेचं. जे गायब झालं ते खोलीचं.

त्याच अवस्थेत लॅपटॉपचा चार्जर काढा. भुणभुण गेली तर दोष अर्थिंगचा. दोन पिनांच्या चार्जरवर हे फार दिसतं. टेक चालू असताना बॅटरीवर चालवा. लाइट गेल्यावर साध्या स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर रेकॉर्ड करू नका, ती गुरगुर नंतर साफ होत नाही कारण ५० हर्ट्झच्या पटीत वरपर्यंत पसरलेली असते. आणि वायर दोन्ही बाजूंनी एक्सएलआर (तीन पिनांची) पाहिजे. एका टोकाला साधा जॅक असलेली कराओकेची वायर वापरत असाल तर सगळी चर्चा इथंच थांबवा.

हलगी_कडकडाट

वाकळीचा प्रयोग केला. चार्जर काढल्यावर भुणभुण गेली. सुस्स थोडं आहे, पण चार बोटांवर गाताना कळत नाही. लई फरक. पण आता आवाज गुबगुबीत झालाय आणि पेटी सुरू झाली की शब्द बुडतात.

सूर_आणि_स्लॅब

गुबगुबीत होण्याची दोन कारणं आहेत. एक म्हणजे जवळीक. दुसरं तुमची खोली: लांबी, रुंदी, उंची तिन्ही १० फूट, त्यामुळं तिन्ही दिशांचा घुमारा एकाच जागी साठतो, ५६ आणि ११२ हर्ट्झच्या आसपास. ११२ म्हणजे पुरुषी आवाजाच्या खालच्या सुरांची जागा. खोलीच्या बरोबर मध्ये किंवा कोपऱ्यात उभं राहू नका. जाड गाद्या, वाकळी गायकाच्या पाठीमागं टांगा, भिंतीपासून वीतभर पुढं. बहुतेक जण माइकच्या मागच्या भिंतीला लावतात आणि फरक नाही म्हणून रडतात. एसएम५८ ला मागून कमी ऐकू येतं, त्याचं तोंड गायकाच्या पाठीमागच्या भिंतीकडं असतं. लॅपटॉप माइकच्या मागं ठेवा. अंड्याचे ट्रे लावू नका.

मग मिक्स. गायकाच्या ट्रॅकवर इक्वलायझरनं ८० ते ९० हर्ट्झच्या खालचं कापा. २०० च्या आसपास रुंद असा ३ डीबी खड्डा, फुगवटा बसेल. एसएम५८ ला वरच्या मध्यात स्वतःचाच उठाव आहे, म्हणून ५ हजाराला आणखी ढकलू नका, टोचेल. शब्द बुडतात त्याचा इलाज पेटीवर करा: गाणं चालू असताना पेटीच्या ट्रॅकवर २ ते ३ हजार हर्ट्झला २-३ डीबी कमी. गायकाला उचलण्यापेक्षा पेटीला बाजूला सरकवलेलं बरं.

कॉम्प्रेसरच्या आधी ओळी हातानं समान करा. रीपरमध्ये ओळ कापून आयटम व्हॉल्यूम खालीवर करा, दबलेला शेवटचा शब्द ३-४ डीबी वर. कंटाळवाणं आहे, पण आवाज पुढं येण्यातलं अर्धं काम इथंच होतं. नंतर एका कॉम्प्रेसरकडून १० डीबी दाबून घेण्यापेक्षा दोघांत वाटा. पहिला ४:१ (मर्यादेवर ४ डीबी गेले की १ च बाहेर), अटॅक (दाबायला लागणारा वेळ) १० ते १५ मिलिसेकंद, रिलीज (सोडायला लागणारा वेळ) ८० च्या आसपास, फक्त उंच शिखरांवर ३-४ डीबी. दुसरा २:१, संथ, कायम २-३ डीबी. अटॅक १ मिलिसेकंद ठेवलात तर व्यंजनाची धारच जाते आणि आवाज परत मागं.

मराठीत ‘चांदणं’तला च आणि ‘जरा’तला ज दातावरचे असतात, कॉम्प्रेशननंतर तेही स सारखे टोचतात. डीएसर (स चा टोचरेपणा दाबणारा) ६ ते ८ हजारावर, ३-४ डीबीपेक्षा जास्त नको, नाहीतर गायक बोबडा वाटतो.

रिव्हर्ब (कृत्रिम घुमारा) शेवटी. प्रीडिले ३० ते ४० मिलिसेकंद, म्हणजे शब्द आधी येतो, घुमारा मागून. रिव्हर्बच्या ट्रॅकवर २५० च्या खालचं सगळं कापा.

तांबडा_पांढरा

हेडफोनचं राहिलं. गायकाला स्वतःचा आवाज मोठा ऐकू आला की तो आखडून गातो, आणि ते पातळच येतं. त्याच्या कानात ट्रॅक पुरेसा द्या, त्याचा स्वतःचा आवाज थोडा कमी, इंटरफेसचं डायरेक्ट मॉनिटर (आवाज लॅपटॉपमधून न फिरता थेट कानात) चालू. पोवाडेवाल्यांना उघड्या आवाजाची सवय असते, एक कान मोकळा सोडू द्या. पण तो मोकळा कप डोक्याला दाबून बसवा, नाहीतर क्लिक (तालाची टिकटिक) माइकमध्ये शिरते.

घाटावरचा

प्रीअँपनं काहीच होत नाही हे मात्र सरसकट पटत नाही. एसएम७बी सारखा मंद, म्हणजे कमी सिग्नल देणारा माइक असेल (संवेदनशीलता मायनस ५९ डीबीव्ही, एसएम५८ ची मायनस ५४.५) आणि गाणं कुजबुजत असेल, तर ६० डीबी गेन लागतो आणि स्वस्त इंटरफेस तिथं दमतो. पण त्यालाही वेगळा प्रीअँप नाही, माइक आणि इंटरफेसच्या मध्ये लावायचा छोटा बूस्टर पुरतो. सुमारे २५ डीबी देतो, ४८ व्होल्ट फँटम (इंटरफेसनं माइकच्या वायरीतून दिलेली वीज) चालू करावं लागतं. पोवाड्याला तो काढून ठेवा, नाहीतर लाल दिवा विझणारच नाही.

तुमच्या १५ हजारांतून घनमीटरला ४८ किलो घनतेचा, ५० मिलिमीटर जाड रॉकवूल (आवाज शोषणारी दगडी लोकर) आणा, लाकडी चौकटीत बसवून वर मांजरपाट ताणा. चार बाय दोन फुटांचे चार पॅनेल. दोन गायकाच्या पाठीमागं, दोन बाजूला, भिंतीपासून ५० मिलिमीटर सोडून. कापताना हातमोजे आणि मास्क घाला, अंग खाजतं.